मामंजींना व्हीलचेअरवरून थीम पार्कला न्यायचं तर

निपाणीहून एका ताईंनी विचारलंय. सासरे ७६ वर्षांचे, आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, डावी बाजू अजून लुळी आहे. आधार दिला तर मिनिटभर उभे राहतात, पण चालणं नाही, त्यामुळे व्हीलचेअर. दिवाळीला पुण्याचे दीर-जाऊ येणार आहेत आणि पोरांनी इमॅजिका नाहीतर वंडरला असा हट्ट धरलाय. मामंजी म्हणतात, "मी घरातच थांबतो, तुम्ही जाऊन या." आणि रोज संध्याकाळी नातवाला विचारतात, "तिथं काय काय असतंय रे?" तर त्यांना न्यावं का, आणि नेलं तर झेपेल का?

न्या. पण दिवाळीत नको, आणि एका दिवसात जाऊन यायचं तर मुळीच नको. मी बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते, लकव्याचे पेशंट हे माझं रोजचं काम. "मी घरी थांबतो" या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा "माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको" एवढाच असतो. डॉक्टरांनी बीपी बघून प्रवासाला हो म्हटलं की पुढचं सगळं तयारीवर आहे.

तयारी म्हटली की लोक खुर्चीबद्दलच विचारतात. कुठली घ्यावी, तिथं भाड्यानं मिळते का. खुर्ची काय, नववीतलं पोरगंही ढकलेल. दिवस अडतो तो लघवी-संडासापाशी, खुर्चीतून दुसरीकडे बसवताना, आणि उन्हात. म्हणून सहलीचं वेळापत्रक राइडवरून ठरवू नका, मामंजींच्या लघवीच्या वेळांवरून ठरवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण हे एक जमलं की अर्धी सहल जमली.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही, ती विचारते. त्यांना संडासला कोण नेतं? घरी बहुधा तुमचे मिस्टर नेत असतील. सुनेनं सासऱ्यांना न्यायचं म्हणजे दोघांनाही अवघड, ते आपल्याकडे कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. मग प्रवासाच्या दिवशी असा माणूस काय करतो? पाणीच पीत नाही. सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर "नको, तहान नाही". दुपारी दोनला उन्हात गरगरायला लागतं, जीभ कोरडी पडते, रात्री लघवीला जळजळ, आणि घरी आल्यावर सगळ्यांचं एकमत, की वयाला झेपलं नाही. वयाचा काही संबंध नसतो, पाणी तोडलेलं असतं. तर तुमचे मिस्टर आणि दीर या दोघांनी आधीच ठरवायचं, दर दोन तासांनी यांच्यापैकी एकजण नेणार. मामंजींना "लागली का" असं चारचौघांत विचारायचं नाही, वेळ झाली की गुपचूप खुर्ची वळवायची. मेडिकलमध्ये पुरुषांसाठी झाकणाचा युरिन पॉट मिळतो, तो गाडीत हाताशी ठेवा, सोबत एक जुनी चादर आडोशाला. घरात डायपर लागत नसला तरी त्या दोन दिवसांसाठी घालायला लावा. ही गोष्ट मुलानं बापाशी बोलायची आहे, तुम्ही नाही. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनानं बंद करू नका.

आता पार्कला फोन करताना. "व्हीलचेअरची सोय आहे का" असं विचारलंत की "हो सर, आहे" एवढंच उत्तर मिळतं, आणि ते खोटंही नसतं, गेटवर एक खुर्ची असतेच. त्यापेक्षा नेमकं विचारा. दिव्यांगांचा संडास कुठे कुठे आहे? दाराला उंबरा आहे का? आत कमोडच्या शेजारी धरायला दांडी आहे का? आणि किल्ली कुणाकडे असते? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. कितीतरी ठिकाणी हा संडास कुलूपबंद असतो नाहीतर आत बादल्या आणि फरशी पुसायचं सामान कोंबलेलं असतं. शक्य असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो मागा. त्याआधी आपली खुर्ची टेपनं मोजून घ्या, एका बाजूच्या हाताच्या रिंगपासून दुसऱ्या रिंगपर्यंत. नेहमीची घडीची खुर्ची पंचवीस-सव्वीस इंच भरते. अशा सोयीचं दार ९० सेंटिमीटर आणि उताराला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी, ही मापं सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत दिलेली आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे आणि तो खासगी जागांनाही लागू होतो, त्यामुळे विचारताना ओशाळू नका, उपकार मागत नाही आहात. मुक्कामाच्या हॉटेललाही हेच प्रश्न. खोली मोठी असून उपयोग नाही, बाथरूमची दारं बऱ्याचदा दोन-सव्वादोन फुटांची असतात आणि तिथं खुर्ची चौकटीत अडकते. मग रात्री बारा वाजता दोघंजण मामंजींना उचलून आत नेतात, ओल्या फरशीवर.

खुर्चीतून उठवून बसवण्याची घरीच परीक्षा घ्या. खुर्चीसमोर नाही, शेजारी, त्यांच्या उजव्या म्हणजे धड बाजूला, तेवढ्याच उंचीची लाकडी खुर्ची किंवा पलंग ठेवा. दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. त्यांचा चांगला पाय थोडा मागे घ्यायला सांगा आणि पुढे वाकायला लावा, नाक गुडघ्यापुढे गेलं पाहिजे. मग कमरेला धरून उठवायचं आणि उजवीकडे वळवून बसवायचं. कमरेला उपरणं घट्ट बांधलं की धरायला छान होतं. लुळा हात धरून ओढायचं नाही. लकव्याच्या हाताचा खांदा आधीच सैल असतो, ओढला की निखळतो आणि पुढचे सहा महिने दुखत राहतो. काखेत हात घालून उचलणंही त्यातलंच. एक माणूस हे काम त्यांच्या मदतीनं, न धापा टाकता करू शकत असेल तर सहल जमेल. दोघं लागत असतील तरी जमेल, पण दोघंही दिवसभर आसपास हवेत. उचलूनच ठेवावं लागत असेल तर आधी महिनाभर व्यायाम करून घ्या, नंतर बेत ठरवा.

गाडीत त्यांची जागा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. चढताना खुर्ची दाराजवळ गाडीच्याच दिशेला तोंड करून लावा, म्हणजे सीट त्यांच्या उजव्या हाताला येते आणि काम सोपं होतं. आधी बूड टेकवायचं, डोक्यावर हात धरून, मग दोन्ही पाय एकदम आत. सीटवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी अंथरली तर अंग सहज फिरतं, बसल्यावर ती काढून घ्या. घोटाळा होतो तो उतरताना, कारण तेव्हा डावीकडे, लुळ्या बाजूला सरकायचं असतं. उतरताना दोघं थांबा, मागच्या गाडीनं कितीही हॉर्न मारू दे. आणि गाडी ठरवतानाच विचारा, सीएनजी आहे का? डिकीत टाकी असली की खुर्ची बसत नाही, आणि ऐनवेळी सोळा-अठरा किलोची ती खुर्ची पोरांच्या मांडीवर येते.

खुर्चीला निघण्याआधी सायकलच्या दुकानात घेऊन जा. हवेची चाकं असतील तर हवा पूर्ण हवी, कारण ब्रेकचा दांडा टायरवरच दाबला जातो. टायर मऊ असलं की ब्रेक लावूनही खुर्ची सरकते. पुढच्या छोट्या चाकांत केस आणि दोरे गुंतलेले असतात, ते काढा. बसायला चांगली तीन इंच जाडीची फोमची गादी हवी. मधे भोक असलेली ट्यूबसारखी गोल गादी लोक आवर्जून घेतात, ती नको, तिच्या कडेवर दाब उलट वाढतो. डाव्या हाताखाली लहान उशी ठेवा, नाहीतर हात घसरून चाकाच्या काड्यांत जातो आणि त्यांना ते कळतही नाही. पायात चप्पल नको, पट्ट्याचा बूट घाला. लुळा पाय पट्टीवरून सुटून खाली लोंबतो आणि खुर्ची पुढे जात राहते, अशा जखमा मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

ढकलायचं तंत्र पोरांना शिकवून ठेवा, त्यांना त्यात मजाही येते. पायरी चढवताना मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची चाकं उचलायची. पायरी उतरताना आणि तीव्र उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी फिरवायची, ढकलणारा खाली, मामंजींची पाठ उताराकडे. तोंड पुढे करून उतरवलं तर एका खड्ड्यात ते थेट पुढे पडतील. आणि हँडलला पिशव्या अडकवू नका. मामंजी खुर्चीत आहेत तोवर सहसा काही होत नाही, ते उठले की खुर्ची मागे कलंडते.

आता कुठं आणि कसं. दोन्ही पार्क तुमच्यापासून लांबच. बिडदीचा वंडरला २००५ पासूनचा, बेंगळुरूपलीकडे म्हैसूर रस्त्यावर, निपाणीहून सहाशे किलोमीटरच्या घरात. खोपोलीचा इमॅजिका २०१३चा, साडेतीनशेच्या आसपास. अंतर बघून सगळे खोपोली म्हणतात, पण हवा बघा. बिडदी पठारावर आहे, तिथली हवा आपल्यासारखीच. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, पावसाळा सरल्यावर दमट आणि चिकट. ऑक्टोबरातल्या तिथल्या दुपारी मी कुणा म्हाताऱ्याला नेणार नाही. पुण्याची मंडळी येणार म्हणून दिवाळी धरलीत हे समजलं, पण त्या सुट्टीत अख्खा महाराष्ट्र तिथंच असतो. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळा चालू असतात, म्हणजे खोपोलीला गर्दी कमी आणि बिडदीला जास्त. तरी माझं मत विचाराल तर जानेवारीतला मंगळवार-बुधवार. पोरांची दोन दिवस शाळा बुडली तर बुडू द्या.

खोपोलीला गाडीनं जायचं तर पुण्यात दिरांकडे एक रात्र काढा. कोल्हापूर ते पुणे रस्त्याच्या कामांनी किती वेळ खाईल याचा नेम नाही, म्हणून पोचायची वेळ ठरवूच नका, थांबायच्या वेळा ठरवा. बिडदीला जायचं तर रेल्वे बरी. ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून बेंगळुरूला वंदे भारत सुटते. बेळगाव हे तिचं सुरुवातीचं स्टेशन असल्यानं चढवायला घाई होत नाही, आणि टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरची जागा व मोठा संडास असतो. पण पहाटे बसलं की दुपारीच बेंगळुरू, आठ-साडेआठ तास बसून. मामंजींच्या बुडाला हे सोसणार नाही. मी रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसचा खालचा बर्थ घेईन. आडवं पडता येतं, आणि तिथला अरुंद संडास युरिन पॉटनं टाळता येतो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, पण सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या अपंग व्यक्तीला आणि तिच्या एका सोबत्याला स्लीपर व थ्री टायर एसीत ७५ टक्के, टू टायरमध्ये ५० टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेचं ओळखपत्र आधी काढावं लागतं, आणि आपल्याकडच्या कागदपत्रांना किती वेळ लागतो हे तुम्हाला सांगायला नको. एसटीचा विचारच करू नका, त्या पायऱ्या चढवताना दोन्ही बाजूंची कंबर जाते.

पण या सगळ्याआधी एक रंगीत तालीम करा. तुमच्यापासून हायवेनं कोल्हापूरच्या अलीकडेच कणेरी मठ आहे. तिथलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय उघड्यावर आहे, जुन्या गावातली माणसं, बलुतेदार, गुरंढोरं, शेतातली कामं असं सगळं खऱ्या मापाच्या पुतळ्यांतून उभं केलंय. एखाद्या रविवारी सकाळी लवकर जा आणि जेवायला घरी परत या. किती वेळ बसवतं, कधी लागते, कोण ढकलून दमतं, खुर्चीचं कुठलं चाक कुरकुरतं, सगळं त्या चार-पाच तासांत कळेल. हुबळीच्या पुढे हायवेलाच गोटगोडीचं उत्सव रॉक गार्डन आहे, तेही याच जातीचं, ते दुसऱ्या खेपेला. खरं सांगू का, कणेरी बघून मामंजीच म्हणाले की हे बरं आहे, ते पार्क पोरांना दाखवा, तर तेही ऐका. वखारीतल्या माणसाला बैल, मोट आणि गाडी बघून जे बोलावंसं वाटेल ते रोलर कोस्टर बघून वाटेलच असं नाही.

पार्कात गेल्यावर राइडचं सरळ सांगते. झटके देणारी, गरगर फिरणारी, उलटी करणारी एकही राइड नाही. लकवा झालेला माणूस, त्यात रक्त पातळ ठेवायची गोळी, मानेला झटका बसला तर परवडणार नाही. पार्कवाले अडवतील तेव्हा वाद घालू नका. हळू चालणाऱ्या, बसून बघायच्या गोष्टींबद्दल मात्र विचारा. बहुतेक ठिकाणी खुर्चीतून राइडच्या सीटवर स्वतः किंवा घरच्यांच्या मदतीनं जावं लागतं, तिथली पोरं उचलून बसवत नाहीत, आणि तो नियम बरोबरच आहे. आधी नातवाला पाठवा, त्यानं येऊन सांगावं की सीट किती खाली आहे, दांडी कुठं आहे. लकव्यानंतर कधी फिट आली असेल तर लखलखणाऱ्या दिव्यांचा अंधारा शो टाळा. दिवसाला तीन गोष्टी पुरे. बसून बघायचे शो सकाळी गर्दी व्हायच्या आधी उरका, बारा ते चार खोलीवर आडवं पडा, संध्याकाळी कारंज्यांचा आणि दिव्यांचा खेळ असेल तर त्याला पुन्हा या. एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर परत सोडतात का हे तिकीट काढतानाच विचारा, सोबत ज्येष्ठ आणि दिव्यांग सवलतही. आधार आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, जवळ असू द्या. बिडदीला गेलात तर पहिलं वाक्य कन्नडातून टाका. निपाणीच्या माणसाला ते शिकवायला नको.

सगळ्यात जास्त बिघडतं ते वेगळ्याच जागी. दहाजण पाण्यात उतरतात आणि जाताना मामंजींच्या मांडीवर मोबाइल, पाकिटं, घड्याळं, पायापाशी सगळ्यांच्या चपला. "तुम्ही बसलेलेच आहात, जरा लक्ष ठेवा." तीन तास तो माणूस साडेतीनशे किलोमीटर येऊन चपला राखतो. लॉकरचे पैसे द्या. आणि त्यांच्यासोबत थांबायच्या पाळ्या निघायच्या आदल्या दिवशी कागदावर लिहा, दीड-दीड तासाच्या, दीर-जाऊ धरून. नाहीतर न बोलता ती पाळी तुमच्याकडेच येणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पाळी म्हणजे शेजारी बसून फोन बघणं नाही. नातू उंच झोपाळ्यावर बसला की खुर्ची अशा ठिकाणी न्यायची की त्याची किंकाळी आजोबांना ऐकू येईल. पाण्याच्या भागात खुर्ची काठापासून लांब, कोरड्यावर आणि सावलीत उभी करा. ओल्या फरशीवर ब्रेक लावूनही चाक घसरतं.

दर अर्ध्या तासानं पाळीवाल्यानं त्यांना पुढे वाकवायचं, मग एका बाजूला, मग दुसऱ्या, मिनिट-दोन मिनिटं. डाव्या बाजूला त्यांना चटका कळत नसेल, उन्हात तापलेल्या लोखंडी हातावर हात राहिला तर फोड येतो, तिथं टॉवेल गुंडाळा. गिळताना ठसका लागत असेल तर पाणी घाईत देऊ नका, ताठ बसवून हनुवटी खाली करून घोट-घोट. बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत, पण पेशंटच्या पथ्याच्या डब्याला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तर सहसा अडवत नाहीत, आधी विचारून ठेवा. गोळ्यांचा एक संच त्यांच्या खिशात, दुसरा तुमच्या पर्समध्ये. तोंड वाकडं झालं, धड हातही पडला, बोलणं बोबडं झालं तर "जरा पडू दे, बरं वाटेल" म्हणत बसू नका. १०८ ला फोन करा, दोन्ही राज्यांत तोच नंबर. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टरांना एक काम सांगा. मामंजींची पाठीखालची माकडहाडाची जागा, दोन्ही कुल्ले आणि टाचा उजेडात नीट बघायच्या. लाल किंवा काळसर डाग दिसला तर त्या जागेवरचा भार काढून त्यांना कुशीवर निजवायचं आणि अर्ध्या तासानं परत बघायचं. डाग गेला तर ठीक. तसाच राहिला तर त्यावर पावडर-तेल काही न चोळता, त्या जागेवर अजिबात न बसवता, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.